शुक्रवारी रात्री पावणेबाराला बी विंगचा फेज का जायचा

पुण्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या सोसायटीत मे २०२४ मध्ये लागोपाठ तीन शुक्रवारी, म्हणजे ३, १० आणि १७ तारखेला, रात्री साधारण पावणेबारा-बाराच्या सुमारास बी विंगचे बरोब्बर एक तृतीयांश फ्लॅट अंधारात गेले, बाकीचे मस्त एसीत झोपलेले. मी पॅनल बनवणाऱ्या लाईनमध्ये बावीस वर्षं आहे आणि कमिटीत "इलेक्ट्रिकलचं तुम्ही बघा हो" म्हणून ढकललेला सभासद आहे, त्यामुळे तिन्ही वेळा फोन मलाच आले. तिसऱ्या वेळेपर्यंत कारण सापडलं. ते सगळं नीट लिहून ठेवतोय कारण अशा सोसायट्या आता गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पहिला अंदाज आमच्यासारखाच चुकणार.

आधी सोसायटी कशी आहे ते सांगतो. तीन विंग, २१२ फ्लॅट, गेटच्या डाव्या हाताला जाळीत एक ट्रान्सफॉर्मर, ६३० केव्हीए, वरून २२ हजार व्होल्ट येतात आणि खाली ४३३ होऊन बाहेर पडतात. फुल लोडला खालच्या बाजूला ८४० अँपिअर. तिथून प्रत्येक विंगला एक एक जाड केबल जाते, मधे फीडर पिलर, म्हणजे फ्यूज असलेली पत्र्याची पेटी, त्यात प्रत्येक फेजला एक एचआरसी (जास्त करंटचा) फ्यूज, बी विंगचे ३१५ अँपिअरचे. केबलमधल्या तीन जिवंत तारा म्हणजे तीन फेज, त्यांना आर, वाय, बी म्हणतात (हा बी फेज वेगळा, बी विंग वेगळी), आणि विंगचे एक तृतीयांश फ्लॅट एकेका फेजवर. बी विंगमध्ये ७२ फ्लॅट आणि त्याच केबलवर बी विंगचं पोडियम पार्किंग.

आता कुणी म्हणेल २१२ फ्लॅटना प्रत्येकी ६ किलोवॅट मंजूर धरले तर पावणेतेराशे किलोवॅट होतात, मग ६३० चा ट्रान्सफॉर्मर बसवून बिल्डरने गंडवलं का? नाही, इथे गंडवलेलं नाही (बाकी ठिकाणी गंडवलंय, लिफ्ट लॉबीचं मार्बल बघा कधीतरी). सगळे लोक सगळं एकाच वेळी लावत नाहीत, या एका गोष्टीवर अख्खी वीज वितरणाची व्यवस्था उभी आहे. कुणाचा गिझर सहाला, कुणाचा साडेआठला, एकाचा मिक्सर चालू तेव्हा दुसऱ्याची इस्त्री बंद. त्यामुळे मंजूर लोडच्या चाळीस टक्के धरून ट्रान्सफॉर्मर काढतात आणि तो वर्षानुवर्षं आरामात पुरतो. आमच्या भाषेत याला डायव्हर्सिटी म्हणतात. ही डायव्हर्सिटी कुठे मोजून लिहून ठेवलेली नसते, ती लोकांच्या वेगवेगळ्या सवयींतून आपोआप येते आणि म्हणून ती गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

३ मे ला पहिल्यांदा फ्यूज गेला तेव्हा सगळ्यांचं एकमत होतं, उन्हाळा, एसी, लोड वाढला, झालं. वीज कंपनीचा लाईनमन रात्री साडेबाराला आला, त्याने पिलर उघडून आर फेजचा फ्यूज पुलरने उपसला, नवीन बसवला, लाईट आली, आणि तो फ्यूज सकाळपर्यंत टिकलासुद्धा. त्यामुळे दुसरा सिद्धांत तयार झाला की जुना फ्यूजच बाद होता. १० मे ला अक्षय्य तृतीया होती, त्या रात्री नवाकोरा फ्यूज अकरा पन्नासला गेला. मग ग्रुपवर तिसरा सिद्धांत आला की फ्यूज डुप्लिकेट आहे, चौथा की केबल उंदराने कुरतडली, पाचवा की एसीवाल्यांनी २४ वर ठेवावा. पाचव्यावर सत्तर मेसेज झाले.

मला खटकत होत्या त्या तीन गोष्टी. एक, एसीचा लोड असता तर तो आर, वाय, बी तिन्ही फेजवर साधारण सारखाच चढला असता, दर वेळी आरच का जावा. दोन, एसी काय फक्त शुक्रवारीच लावतात का, मंगळवारी पण ४० डिग्री होतंच की. आणि तीन, पावणेबारा ही काय वेळ झाली? तोपर्यंत स्वयंपाकघरं बंद, टीव्ही बंद, अर्धी सोसायटी झोपलेली, लोड उतरायला लागलेला असतो. उतरत्या लोडवर फ्यूज जातो म्हणजे काहीतरी आधी झालेलं असणार.

एचआरसी फ्यूज ही चीज घरातल्या एमसीबीसारखी पटकन रागावणारी नाही. रेटिंगच्या सव्वापट करंट तो निमूट वाहतो, १.६ पट दिला तर काही तासांच्या आत जातो, आणि मधल्या पट्ट्यात किती सोसेल ते आजूबाजूच्या उष्णतेवर, कॉन्टॅक्ट किती घट्ट आहे त्यावर. दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तो लवकर हार मानतो. म्हणजे पावणेबाराला फ्यूज गेला तर गुन्हा पावणेबाराला घडलेला नाही, तो दीड-दोन तास आधी घडलाय. पावणेबारातून पावणेदोन तास वजा करा. दहा.

दहा म्हटल्यावर डोक्यात ट्यूब पेटली. त्या वर्षी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगच्या वेगळ्या मीटरला रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपयाची सूट होती. आणि ग्रुपवर मार्चमध्ये एक मेसेज फिरला होता, हिरव्या टिकसकट, "सर्व ईव्ही धारकांनी कृपया गाडीच्या ॲपमध्ये टायमर रात्री १०:०० ला लावावा, पैसे वाचवा, ग्रिडवरचा ताण कमी करा". तो मेसेज कुणी टाकला होता असं विचाराल तर, अं, मीच टाकला होता.

१७ तारखेला शुक्रवार होता. टाँग टेस्टर (केबलला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र), टॉर्च, रबरी मॅट आणि एक स्टूल घेऊन मी साडेनऊलाच पिलरपाशी गेलो, लाईनमन दादांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते पण आले, म्हणाले बघूया साहेब तुमचं काय म्हणणं आहे ते. पिलर त्यांनीच उघडला, मी हात लावला नाही, ती केबल त्यांच्या अखत्यारीत. नऊ पंचावन्नला तिन्ही फेज जवळपास सारखे, १९० च्या आसपास. दहा वाजले. काही नाही. दहा वाजून काही सेकंदांनी पोडियमवरून चार्जरमधला एक एक कॉन्टॅक्टर (आतला स्विच) खटकल्याचा आवाज ऐकू आला, खट, खटखट, खट, दिवाळीत लवंगी माळेचे शेवटचे फटाके फुटतात तसा, आणि टाँग टेस्टरचा आकडा पळायला लागला. दहा-पाचला आर फेज ४४६, वाय २५४, बी २२२. दादांनी टेस्टर माझ्या हातातून घेऊन स्वतः परत लावून बघितला. मग म्हणाले, "साहेब हे तर आमच्याकडं शेतीच्या डीपीला होतं तसं झालं."

तिथेच स्टुलावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं, कारण आमचं गाव नगर जिल्ह्यात आणि चुलत्यांची विहीर, मोटर, सगळं पाहिलेलं. शेतीपंपाला वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री लाईट कधी येईल म्हणून विहिरीवर जाऊन बसायचा कंटाळा, विंचूकाट्याची भीती, म्हणून शेतकरी मोटरीला ऑटोस्विच लावतात, लाईट आली की मोटर आपोआप चालू. एकट्याच्या दृष्टीने उत्तम. पण त्या डीपीवरच्या (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनीच ऑटोस्विच लावले की लाईट आल्या आल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीपी जळतो, आणि मग ऐन भरणीच्या वेळी आठ दिवस अख्खा शिवार कोरडा. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं आहे की ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. आमच्या गाडीच्या ॲपमधला टायमर म्हणजे तोच ऑटोस्विच, फक्त त्याचा रंग निळा आहे आणि त्याच्यावर पानाचं चित्र आहे.

हिशेब साधा आहे. बी विंगच्या पार्किंगमध्ये ११ वॉल चार्जर, प्रत्येकी ७.२ किलोवॅट, सिंगल फेज, ३२ अँपिअर. त्यातले ८ आर फेजवर, २ वायवर, १ बीवर. ८ गुणिले ३२ म्हणजे २५६, अधिक घरांचे १९०, बरोबर ४४६. आठ चार्जर एकाच फेजवर का, तर मीटर रूममध्ये ईव्ही मीटरसाठी जो नवीन पॅनल बसवला त्यात आर फेजची लाल बसबार (कनेक्शन जोडायची पट्टी) सगळ्यात पुढे आहे, हात घातला की तीच लागते. गेल्या दोन वर्षांत चार वेगवेगळे इलेक्ट्रिशियन येऊन गेले, प्रत्येकाने आपापलं कनेक्शन सोयीच्या ठिकाणी मारलं, कोणता चार्जर कोणत्या फेजवर याची वही कुणी ठेवली नाही. वही ठेवायचं काम माझं होतं हेही इथे नोंदवतो.

बरं मग शुक्रवारीच का? आमच्याकडचे लोक रोज चार्ज करत नाहीत. रोज चाळीसेक किलोमीटर फिरणारी गाडी सहा युनिटच्या आसपास खाते, मंगळवार-बुधवारी कुणी लावली तरी तास-दीड तासात भरून बंद, तेवढ्याने फ्यूज तापतो पण जात नाही. शुक्रवारी मात्र सगळ्यांना शनिवारी पहाटे कोकण, वाई, नाहीतर गाव गाठायचं असतं, १० तारखेच्या शुक्रवारनंतर तर सोमवारी १३ ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं, म्हणजे जोडून सुट्ट्या. सगळ्यांना शंभर टक्के हवी, २५ युनिट, म्हणजे साडेतीन तास सलग. त्यातला पावणेदोन तास झाला की फ्यूज जायचा. आणि साडेबाराला नवीन थंड फ्यूज घातला की उरलेलं दीड-पावणेदोन तासाचं चार्जिंग तो जेमतेम ओढून न्यायचा, तोवर घरांचा लोडही उतरलेला, म्हणून तो सकाळपर्यंत टिकायचा आणि आम्हाला वाटायचं फ्यूज बदलल्याने प्रश्न सुटला. १७ ला बाराला आठ कमी असताना तो आमच्या डोळ्यांसमोर गेला. आवाज पण फारसा नसतो, एक दबका ठप्प, आणि टाँग टेस्टरवर शून्य.

आता यातला खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहितोय. पार्किंगच्या ११ गाड्यांची आठवड्याची गरज काढली, गाडीमागे रोज ६ युनिट, आठवड्याचे ४२, अकरा गाड्यांचे ४६२ युनिट. स्वस्तातले तास रोज आठ, आठवड्याचे ५६. भागाकार केला तर सव्वाआठ किलोवॅट. म्हणजे आमच्या अख्ख्या पार्किंगला सलग सव्वाआठ किलोवॅट मिळाले असते, फक्त एका वॉल चार्जरपेक्षा किंचित जास्त, तरी सगळ्यांचं काम झालं असतं. आणि आम्ही मागत होतो ७९. विजेचा तुटवडा कुठेच नव्हता, ना ट्रान्सफॉर्मरवर, ना सबस्टेशनवर. एवढ्या गाड्या आल्या तर वीज पुरेल का, हा प्रश्न टीव्हीवर विचारतात, तो युनिटचा प्रश्न आहे आणि आमचं दुखणं युनिटचं नव्हतंच, ते घड्याळाचं होतं.

गंमत अशी की टायमर नव्हते तेव्हा आम्ही जास्त सुरक्षित होतो. लोक सातला येत, आठला, साडेनऊला येत, आल्या आल्या प्लग लावत, कुणाची भरून झालेली तोवर दुसऱ्याची सुरू. संध्याकाळच्या पीक लोडमध्ये भर पडायची हे खरं, आणि राज्याच्या ग्रिडच्या दृष्टीने ती वेळ वाईटच, पण आमच्या ३१५ च्या फ्यूजवर एका वेळी तीन-चारच गाड्या यायच्या. स्वस्त दराने त्यांना दहाच्या ठोक्यावर आणून एका रांगेत उभं केलं. वरच्या ग्रिडला ज्याने आराम मिळतो तेच खालच्या केबलला मारतं, आणि दर ठरवणाऱ्यांना केबल दिसत नाही, केबलवाल्यांना दर ठरवता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये हा प्रकार लवकर लक्षात आला. तिथे २०२२ च्या ३० जूनपासून घरगुती चार्जर विकायचा तर त्यात डिफॉल्ट गर्दीची वेळ टाळण्याची सोय लागते आणि शिवाय चालू-बंद होताना दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर, रँडम डिले, म्हणजे देशभरच्या गाड्या एका सेकंदाला उठू नयेत. मला ते वाचून आधी वाटलं झालं, हेच आपलं औषध. पण नीट विचार केला तर दहा मिनिटांचा उशीर आमच्या उपयोगाचा नाही. तो धक्का मऊ करतो, गर्दी कमी करत नाही. साडेतीन तास चालणारं चार्जिंग दहाला सुरू झालं काय आणि दहा-दहाला झालं काय, अकरा वाजता आठही गाड्या आर फेजवर लटकलेल्याच. अख्ख्या देशाच्या ग्रिडला धक्क्याची भीती असते, आमच्या फ्यूजला मुक्कामाची.

कमिटीत तीन पर्याय ठेवले. पहिला, दुसरी केबल टाकायची, म्हणजे गेटपासून बी विंगपर्यंत पेव्हर ब्लॉक उखडून खणायचं, खर्च लाखांत, आणि पुढच्या दोन वर्षांत गाड्या दुप्पट झाल्या की परत तेच. दुसरा, लोड मॅनेजमेंटचा कंट्रोलर, मुख्य केबलवर सीटी (करंट मोजणाऱ्या कड्या) लावायचे, एकूण करंट वाढला की तो चार्जरना आपोआप हळू करतो. हा खरा धडधाकट उपाय आहे पण त्यासाठी सगळे चार्जर एकमेकांशी बोलणारे लागतात, आमच्याकडे पाच वेगवेगळ्या ब्रँडचे, त्यातले चार नुसते मुके डबे, गाडीबरोबर फुकट आलेले. तिसरा पर्याय शून्य खर्चाचा, फेज वाटून घ्यायचे आणि पाळी लावायची.

फेज वाटणं सोपं गेलं, एका रविवारी चार तासांत, आर ४, वाय ४, बी ३. नुसत्या एवढ्यानेच आर ४४६ वरून ३१८ वर आला असता, म्हणजे फ्यूजच्या सहनशक्तीत. पण कडेवर. पार्किंगमध्ये आणखी एक चार्जर आला की परत पंचाईत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राच्या नियमांतच आहे की ग्राहकाने मागितलं तर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन द्यायचं, तेव्हा येणारा चार्जर आपण अडवू शकत नाही, अडवूही नये.

पाळीवर मात्र रणकंदन झालं. कल्पना अशी की निम्म्या गाड्या दहाला, निम्म्या दीडला, एका वेळी एका फेजवर दोनच, १९० अधिक ६४ म्हणजे २५४. कागदावर सुंदर. पण दुसऱ्या पाळीत कोण? "मी पहाटे चारला निघतो, माझी पाचला भरून काय करू", "मी ३२ अँपिअरचे पैसे भरलेत, मीटर माझा, लोड मंजूर माझा", "तुम्ही कमिटीवाले सगळे पहिल्या पाळीत कसे काय?" शेवटचं खोटं होतं पण टाळ्या त्यालाच पडल्या. आमच्या मजल्यावरचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ते इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले अरे चाळीस वर्षं मी कालव्याचं आवर्तन वाटलं, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाळी कधीच पटत नाही, त्यापेक्षा सगळ्यांचं दार थोडं थोडं खाली करा. मग त्याला पाणी कमी मिळालं असं वाटत नाही, हळू मिळालं असं वाटतं.

त्याचा विजेतला अर्थ मला लगेच कळला. बऱ्याच गाड्यांच्या ॲपमध्ये नाहीतर चार्जरच्या आतल्या सेटिंगमध्ये करंट कमी करता येतो. ३२ चे १६ केले तर चार्जर साधारण ३.७ किलोवॅटचा होतो, दहा ते सहा आठ तासांत २९ युनिट, शुक्रवारचे २५ भरून वर उरतात. आणि फेजवरचा हिशेब बघा, चार चार्जर गुणिले १६, चौसष्ट, अधिक १९०, परत २५४. पाळी लावून जो आकडा आला असता तोच, कुणालाही दुसऱ्या रांगेत न बसवता. अकरापैकी नऊ जण त्याच रात्री तयार झाले. एकाच्या चार्जरला सेटिंगच नव्हतं, त्याने टायमर एकला नेला. एक जण अजूनही ३२ वर आहेत, डॉक्टर आहेत, रात्री-बेरात्री निघावं लागतं, त्यांना कुणी काही म्हटलं नाही, त्यांचं बरोबरच आहे.

त्या शुक्रवारपासून फ्यूज गेला नाही, पण यावर लगेच छाती फुगवण्यात अर्थ नव्हता कारण जूनमध्ये पाऊस आला आणि एसी बंद झाले. खरी परीक्षा पुढच्या एप्रिलची. एप्रिल २०२५ मध्ये परत स्टूल टाकून बसलो, तोवर चार्जर ११ चे १५ झालेले, आर फेज २७० च्या खाली. मग विश्वास बसला.

ट्रान्सफॉर्मरबद्दल एक राहिलं. लोक विचारतात तो उडेल का. आमचा नाही उडणार, दहा-पाचला पण तिन्ही विंग मिळून ८४० च्या बऱ्यापैकी आत होतो. पण त्याचं दुखणं हळूहळूचं आहे. तेलात बुडालेला ट्रान्सफॉर्मर दिवसा-संध्याकाळी तापतो आणि मध्यरात्रीनंतर लोड उतरला की थंड होतो, ती त्याची झोप. आतला कागदी इन्सुलेशन उष्णतेने म्हातारा होतो, ठोकताळा असा की सर्वात गरम जागेचं तापमान मर्यादेच्या वर ६ डिग्रीने वाढलं की आयुष्य दुप्पट वेगाने संपतं. आपण १६ अँपिअर करून फ्यूज वाचवला पण ट्रान्सफॉर्मरची रात्र आठ तास भरून टाकली. सध्या चालतंय. गाड्या साठच्या वर गेल्या की हा विषय वीज कंपनीकडे न्यावाच लागेल.

आणि तिथे नियोजनवाल्यांची अडचण मला प्रामाणिकपणे समजते. बसचा डेपो सांगून येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस भेकराईनगर आणि निगडी डेपोतून सुरू झाल्या, तिथे किती बस, किती चार्जर हे आधीपासून ठरलेलं असतं, त्याप्रमाणे लाईन आणि ट्रान्सफॉर्मर मांडता येतो. आमच्यासारख्यांची गाडी गुपचूप येते, साडेसात किलोवॅटचा एक अर्ज, मग महिन्याने दुसरा, प्रत्येक अर्ज एकटा पाहिला तर चिल्लर. पंधरा अर्ज एकाच केबलवर, त्यातही एकाच बसबारवर बसलेत आणि एकाच मिनिटाला उठतात, हे कोणत्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं. ट्रान्सफॉर्मरवरच मीटर बसवायचं काम देशभर चालू आहे, त्याने ट्रान्सफॉर्मरचा लोड दिसेल, पण पिलरमधला एक फेज? तो बघायला अजून तरी स्टूल लागतं.

मधल्या काळात वारं उलटं फिरलं. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनी सौर तासांत वीज स्वस्त ठेवायची दिशा दिली, आणि १ जुलै २०२५ पासून घरगुती स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी ९ ते ५ युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट जाहीर झाली. कारण उघड आहे, दुपारी सोलर भरपूर, रात्री नाही. शेतीलाही सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायचा घाट त्याचसाठी. धोरण म्हणून योग्यच आहे, फक्त दुपारी आमचं पार्किंग रिकामं असतं, गाड्या हिंजवडीत उन्हात उभ्या. म्हणजे चार्जर घरी आणि गाडी ऑफिसात, पुढची केबल ऑफिसच्या पार्किंगमध्ये टाकायला पाहिजे, सोसायटीत नाही.

शनिवार-रविवारी मात्र गाड्या घरीच असतात. त्यामुळे मागच्या महिन्यात ग्रुपवर एक नवीन मेसेज आला, परत हिरव्या टिकसकट, "घरच्या मीटरवर चार्ज करणाऱ्यांनी रविवारी दुपारी १२ ला लावा, स्वस्त पडेल". या वेळी मी नव्हता टाकला. जेवण अर्धवट टाकून टाँग टेस्टर घेऊन मीटर रूममध्ये गेलो तर बायको म्हणाली आता रविवार पण गेला का. बारा-पाचला आर २३१, वाय २४०, बी २२६. वहीत लिहिलं, तारीख टाकली, आणि वर येऊन थंड झालेली आमटी खाल्ली.